सागाच्या साइड टेबलांची जोडी घरी कशी करावी

सोफ्याच्या किंवा पलंगाच्या बाजूला ठेवायचे छोटे टेबल हे लाकूडकाम शिकू इच्छिणाऱ्याने सुरुवातीलाच हाती घ्यावे असे काम आहे. चार पाय, त्यांना वरच्या टोकांशी जोडणाऱ्या चार आडपट्ट्या आणि वरचा फळा एवढेच त्याचे भाग असले, तरी मोठ्या जेवणाच्या टेबलाला जे कौशल्य लागते ते सगळे येथे लहान प्रमाणात येते, आणि लाकूड वाया गेले तरी नुकसान मर्यादित राहते. अशी टेबले बहुधा जोडीनेच लागतात, म्हणून पुढील सर्व मापे आणि क्रम दोन टेबले एकत्र करण्याच्या हिशेबाने दिली आहेत. एकाच वेळी आठ पाय आणि आठ आडपट्ट्या कापल्या की त्या एकसारख्या होतात. पहिले टेबल पूर्ण करून मग दुसरे हाती घेतले, तर दोन्ही तंतोतंत जुळणे कठीण असते.

कामाला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी, कारण पुढचे बहुतेक निर्णय तिच्यावर अवलंबून आहेत. लाकूड हवेतील ओलावा सतत घेते आणि सोडते. लांबीच्या दिशेने त्याचा लक्षात येण्याजोगा परिणाम दिसत नाही, परंतु रुंदीत फळी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. सागासारख्या स्थिर मानल्या जाणाऱ्या लाकडातही ओलाव्याच्या दर एक टक्का फरकामागे रुंदीत सुमारे ०.२ टक्के बदल होतो. मे आणि ऑगस्ट यांच्यात लाकडाच्या ओलाव्यात पाच टक्क्यांचा फरक पडला, आणि आपल्या हवेत तो सहज पडतो, तर ४०० मिमी रुंदीचा फळा सुमारे ४ मिमीने कमी-जास्त होतो. हा फळा खालच्या चौकटीला चारही बाजूंनी स्क्रूने जखडला, तर लाकूड फुगायचे थांबत नाही. मग एक तर फळा तडकतो किंवा चौकटीचे सांधे उकलतात. म्हणून चौकट जितकी घट्ट करता येईल तितकी घट्ट करावी आणि फळा तिच्यावर हलू शकेल असा बसवावा. घरी केलेली अनेक टेबले दोन-तीन वर्षांत तडकतात, त्यामागे वाईट लाकडापेक्षा जखडलेला फळा हेच कारण अधिक वेळा असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

लाकूड निवडताना

सागाला महाराष्ट्रात जी प्रतिष्ठा आहे ती योग्यच आहे. आलापल्ली आणि बल्लारपूरच्या पट्ट्यातला साग हत्याराखाली नीट वागतो, त्याच्या गाभ्याच्या लाकडाला वाळवी सहसा लागत नाही, आणि ओलाव्याने होणारा त्याचा बदल इतर बहुतेक लाकडांपेक्षा कमी असतो. मात्र हे गुण गाभ्याच्या तपकिरी लाकडाचे आहेत. खोडाच्या बाहेरच्या भागातले पांढरट लाकूड सागाचेच असले तरी त्याला कीड लागते, म्हणून वखारीत पट्टी उचलताना चारही कडा पाहाव्यात आणि पांढरा भाग असलेला तुकडा निदान पायांसाठी तरी घेऊ नये. साग परवडत नसेल तर शिवण हे उत्तम लाकूड आहे. ते हलके असते, रंध्याखाली सहज येते आणि फारसे वाकत नाही. आंब्याचे लाकूड स्वस्त मिळते, पण त्याला भुंगा फार लवकर लागतो, त्यामुळे ते बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणाने प्रक्रिया केलेले असेल तरच घ्यावे. कोकणात फणसाचे लाकूड हाताशी असते. त्याचा पिवळा रंग काही वर्षांत सुंदर तपकिरी होतो. स्वतःच्या परड्यातला फणस किंवा आंबा तोडण्याचा विचार असेल, तर १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्यानुसार परवानगी लागते का, हे वन विभागाकडे आधी विचारून घ्यावे.

पॅकिंगच्या खोक्यांचे आणि पॅलेटचे पाइन सरावासाठी चांगले आहे. पॅलेटवर गव्हाच्या ओंबीसारख्या चिन्हाशेजारी उमटवलेली अक्षरे पाहावीत: ‘एचटी’ म्हणजे ते लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेले असते, तर ‘एमबी’ म्हणजे त्यावर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूचा वापर झालेला असतो. दुसऱ्या प्रकारचे लाकूड घरात आणू नये.

जुन्या वाड्यांच्या पाडकामातून निघालेल्या सागी तुळया आणि दारांच्या चौकटी मिळाल्या, तर त्यांच्याइतके वाळलेले लाकूड दुसरे नाही. मात्र त्यात मोडलेले खिळे लपलेले असतात, आणि एक खिळा रंध्याच्या पात्याची धार खराब करू शकतो. कापण्यापूर्वी पृष्ठभागावरून चुंबक फिरवावे आणि जुन्या रंगाचा थर बाहेर, मोकळ्या हवेत आणि मास्क लावून काढावा, कारण जुन्या रंगांत शिसे असू शकते.

नव्या लाकडासाठी मुंबईत रे रोडचा परिसर, पुण्यात भवानी पेठेतले टिंबर मार्केट आणि नागपुरात लकडगंज ही जुनी ठिकाणे आहेत. वखारीत हिशेब घनफुटांत होतो. एक घनफूट म्हणजे १७२८ घनइंच. येथे दिलेल्या मापांच्या जोडीला, रंध्यात आणि करवतीत जाणारे लाकूड धरून, दीड घनफूट पुरते. पायांसाठी दोन इंच चौरस, आडपट्ट्यांसाठी साडेतीन इंच रुंद व एक इंच जाड, आणि फळ्यासाठी साडेचार ते पाच इंच रुंद व एक इंच जाड अशा पट्ट्या वखारीतच चिरून घ्याव्यात. तेथे बोलणे फूट, इंच आणि सुतांत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) होईल; घरी आल्यावर मात्र आखणी मिलिमीटरमध्येच करावी, कारण बारीक मापांची बेरीज-वजाबाकी त्यात चुकत नाही.

आता ओलाव्याकडे. बहुतेक वखारींतले लाकूड फर्निचरला हवे तितके वाळलेले नसते. हवेवर वाळवलेल्या एक इंच जाडीच्या फळीला ढोबळमानाने एक वर्ष लागते. आणलेल्या पट्ट्या ज्या खोलीत टेबल राहणार आहे तिथेच, एकमेकींवर न टेकवता, मध्ये सारख्या जाडीच्या बारीक काठ्या घालून रचाव्यात. त्यातलाच एक वीतभर तुकडा कापून स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला वजन करावा आणि ते लिहून ठेवावे. वजन उतरायचे थांबले की लाकूड खोलीच्या हवेशी जुळले असे समजावे. ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र मिळते, पण या कामाला काटा पुरेसा आहे. भारतीय मानक आयएस २८७ मध्येही हवेच्या आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग पाडून प्रत्येकासाठी लाकडातल्या ओलाव्याची वेगळी मर्यादा दिली आहे. रत्नागिरीला चालणारे लाकूड नागपूरला ओले ठरते ते यामुळेच.

मापे

टेबलाची पूर्ण उंची ५५० मिमी ठेवावी. ती बहुतेक सोफ्यांच्या हाताइतकी किंवा त्याहून किंचित कमी येते. आपल्या सोफ्याचा हात मोजून पाहावा आणि गरज असेल तर उंची बदलावी, पण फळा हाताच्या वर येऊ देऊ नये, कारण मग कप ठेवताना कोपर अडखळते. फळा ४५० × ४०० मिमी आणि २० मिमी जाड. पाय ३८ मिमी चौरस आणि ५३० मिमी लांब. आडपट्ट्या ७५ मिमी रुंद आणि २० मिमी जाड. पायांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर लांबीत ४०० आणि रुंदीत ३५० मिमी, म्हणजे फळा चारही बाजूंनी २५ मिमी पुढे येईल.

दोन पायांच्या मध्ये दिसणारी आडपट्टी लांब बाजूला ३२४ आणि आखूड बाजूला २७४ मिमी असेल. दोन्ही टोकांना २० मिमीची कूस, म्हणजे पायातल्या खाचेत शिरणारा बारीक केलेला भाग, हवी, म्हणून पट्ट्या अनुक्रमे ३६४ आणि ३१४ मिमी लांब कापाव्यात. एका टेबलाला प्रत्येकी दोन, जोडीला प्रत्येकी चार.

हत्यारे आणि जागा

पडवी, गॅलरी किंवा पार्किंगचा एखादा कोपरा या कामाला पुरतो. हवे ते एक जड, न डुगडुगणारे टेबल आणि त्याला काम पकडून ठेवायला दोन जी-क्लॅम्प. हत्यारांत गुण्या, पोलादी पट्टी, मार्किंग गेज (कडेला समांतर रेघ आखायचे साधन), बारीक दातांची करवत, जॅक रंधा, ६ मिमी आणि १८ मिमी रुंदीच्या पटाश्या, लाकडी हातोडा आणि ड्रिल मशीन. ६ मिमीची पटाशी म्हणजे दुकानात दोन सुती म्हणून मिळते ती.

हत्यार नवे असले तरी धारदार नसते. पटाशीची आणि रंध्याच्या पात्याची मागची सपाट बाजू धार लावायच्या दगडावर आरशासारखी होईपर्यंत घासावी, आणि मग उताराला २५ अंशांवर घासून शेवटची बारीक धार ३० अंशांवर द्यावी. या धारेने आडवा कापलेला तुकडा चमकदार दिसला पाहिजे. तो पिंजलेला दिसला तर परत दगडाकडे जावे. लाकूडकामातली निम्मी निराशा बोथट हत्यारांतून येते आणि बोथट पटाशीच हातात घुसते, कारण ती ढकलायला जास्त जोर लावावा लागतो. दोन्ही हात कायम पटाशीच्या धारेच्या मागे राहतील, असेच काम पकडावे.

मार्बल कापायच्या कटरला लाकडाचे दातेरी पाते लावून पट्ट्या चिरण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. ती कोणीही वापरू नये. त्या यंत्राचा वेग, त्याचे झाकण आणि त्याची पकड लाकडासाठी केलेली नसते. पाते अडकले की यंत्र मागे उसळते, आणि त्यात बोटे गेल्याची उदाहरणे कामगारांमध्ये वारंवार ऐकू येतात. जाड पट्ट्या वखारीत चिरून घ्याव्यात आणि घरी आडवे कापण्यापुरतीच हातकरवत वापरावी. घासकाम करताना मास्क लावावा, कारण लाकडाच्या बारीक धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे.

फळा जुळवणे

फळ्यापासून सुरुवात करावी, म्हणजे बाकीचे काम चालू असताना तो निवांत राहतो आणि त्यात काही खोट असेल तर ती आधीच दिसते. ४०० मिमी रुंद अशी एकच फळी मिळाली तरी ती न घेता, १०० मिमीच्या आसपासच्या चार पट्ट्या जोडाव्यात. रुंद फळी पन्हळीसारखी वाकते. अरुंद पट्ट्यांत ते वाकणे विभागले जाते.

पट्ट्या मापापेक्षा २५ मिमी जास्त लांब ठेवून रचून पाहाव्यात. चांगला दिसणारा भाग वर यावा, आणि सर्व पट्ट्यांच्या तंतूंचा उतार एकाच दिशेला असावा, म्हणजे नंतर पूर्ण फळा एकाच दिशेने रंधता येतो. हा क्रम मनासारखा झाला की चारही पट्ट्यांवरून पेन्सिलीने एक मोठा त्रिकोण काढावा. पुढे कितीही उलटापालट झाली तरी त्रिकोण जुळला की क्रम जुळला.

कडा सरळ करण्याची युक्ती येथे महत्त्वाची आहे. शेजारी येणाऱ्या दोन पट्ट्यांचे वरचे भाग एकमेकांवर येतील अशा त्या मिटवाव्यात आणि क्लॅम्पमध्ये एकत्र पकडून दोन्ही कडा एकदमच रंधाव्यात. रंधा काटकोनातून थोडा कलला, तरी उघडल्यावर एका कडेचा कोन दुसरीच्या उलट येतो आणि फळा सपाटच बसतो. शेवटची एक-दोन ढलप्यांची फेरी मधल्या भागातच मारावी, म्हणजे जुळवलेल्या पट्ट्यांच्या मध्ये कागदाच्या जाडीइतकी फट राहील आणि टोके घट्ट टेकतील. पट्ट्यांची टोके मधल्या भागापेक्षा लवकर वाळून आकसतात, म्हणून टोकांवर थोडा जादा दाब राहिलेला बरा.

सागात नैसर्गिक तेल असते आणि ते गोंदाला अडवते. त्यामुळे कडा रंधल्यावर त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात, गोंद लावावा, आणि त्याआधी थिनरने भिजवलेल्या फडक्याने कडा पुसून कोरड्या होऊ द्याव्यात. फेविकॉल एसएचसारखा पांढरा गोंद घरातल्या टेबलाला पुरेसा आहे. किनारपट्टीवरच्या दमट घरासाठी त्याच प्रकारातला पाण्याला टिकणारा गोंद घ्यावा. दोन्ही कडांना पातळ, सलग थर द्यावा. लांब क्लॅम्प नसतील तर प्लायच्या तुकड्यावर समोरासमोर दोन दणकट पट्ट्या स्क्रूने बसवाव्यात, त्यांच्यामध्ये फळा ठेवावा आणि उरलेल्या जागेत समोरासमोर पाचरी ठोकून दाब द्यावा. पट्ट्या वर उचलल्या जाऊ नयेत म्हणून त्यांवर आडवी काठी ठेवून तीही क्लॅम्प करावी, आणि खाली प्लास्टिक अंथरावे, नाहीतर फळा प्लायलाच चिकटेल. सांध्यातून बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसू नये; तो लाकडाच्या छिद्रांत भरतो आणि पॉलिशनंतर तिथे पांढरट डाग दिसतो. तो रबरासारखा झाला की पटाशीने खरवडून काढावा. क्लॅम्प दुसऱ्या दिवशीच सोडावेत.

पाय आणि खाचा

पाय ३८ मिमी चौरस रंधून घ्यावेत, पण लांबी ५५० मिमी ठेवावी. वरचा २० मिमीचा जादा तुकडा खाच पाडताना पायाला फुटू देत नाही. चौकट जुळल्यावर तो कापून टाकायचा असतो. चार पाय एकत्र उभे करून, त्यांच्या वरच्या टोकांवर एक वर्तुळ काढावे, म्हणजे कोणता पाय कोणत्या कोपऱ्याचा आणि त्याच्या आतल्या बाजू कोणत्या हे कधीही विसरता येणार नाही. खाच चुकीच्या बाजूला पाडली गेली की तो पाय वाया जातो, आणि हे प्रत्येक कारखान्यात घडते.

आडपट्टी पायाच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून ४ मिमी आत बसेल अशी आखणी करावी. दोन्ही पृष्ठभाग अगदी एका पातळीत ठेवले, तर पहिल्याच पावसाळ्यात ते पुढे-मागे होतात आणि ती चूक डोळ्यांना खुपते. मुद्दाम ठेवलेली ४ मिमीची पायरी मात्र नीटनेटकी दिसते. २० मिमी जाड पट्टीच्या मधोमध ६ मिमीची कूस घेतली, की पायावर खाच बाहेरच्या कडेपासून ११ ते १७ मिमीच्या पट्ट्यात येते. मार्किंग गेज या दोन मापांवर एकदा लावून जोडीच्या आठही पायांच्या सर्व सोळा खाचा आखाव्यात आणि मगच गेज हलवावा. कूस ५५ मिमी रुंद. पट्टीच्या वरच्या कडेपासून १५ मिमी आणि खालच्या कडेपासून ५ मिमी सोडून. वरचे जास्त अंतर पायाच्या टोकाजवळ लाकूड शिल्लक राहावे म्हणून आहे.

खाचेची खोली २१ मिमी. ५ मिमीच्या बिटने जवळजवळ भोके पाडून बराच भाग काढावा, खोलीसाठी बिटला चिकटपट्टीची खूण करावी, आणि मग ६ मिमीच्या पटाशीने भिंती सरळ कराव्यात. शेजारच्या दोन बाजूंच्या खाचा आत एकमेकींच्या कडेला येऊन टेकतात. त्यामुळे दुसरी खाच पाडताना शेवटचे दोन-तीन मिलिमीटर हलक्या हाताने काढावेत, अन्यथा पहिल्या खाचेची भिंत आत कोसळते. खाच तळाला थोडी खडबडीत राहिली तरी हरकत नाही, तिच्या लांब भिंती मात्र सपाट आणि समांतर हव्यात, कारण गोंद तिथेच पकडतो.

कुसा खाचांनंतर काढाव्यात, म्हणजे तयार खाचेनुसार त्या बारीक करता येतात. आडपट्टीच्या चारही बाजूंनी खांद्याची रेघ, म्हणजे कूस जिथून सुरू होते ती, पेन्सिलीने न मारता धारदार सुरीने मारावी. करवत त्या खाचेत बसते आणि सांधा बाहेरून सूतभरही उघडा दिसत नाही. कूस किंचित जाड ठेवून रुंद पटाशीने तासत आणावी. हाताच्या दाबाने जाईल आणि पाय उचलला तर पट्टी गळून पडणार नाही, इतकी ती घट्ट हवी. हातोडा लागला तर कूस जास्त जाड आहे, आणि तशीच ठोकली तर पाय चिरेल.

खाचा झाल्यावर पायांना उतार द्यायचा असेल तर तो आतल्या दोन बाजूंनाच द्यावा: वरचा जादा तुकडा न धरता वरून ९० मिमी सोडून सुरुवात करावी आणि तळाला २५ मिमी राहावेत. टेबल हलके दिसते. साधे चौरस पायही चांगलेच दिसतात.

फळा धरून ठेवणारे लाकडी गुटके ज्यांत अडकतील त्या खाचाही आत्ताच, पट्ट्या सुट्या असताना, पाडाव्यात. लांब आडपट्टीच्या आतल्या बाजूला दोन आणि आखूड पट्टीला मधोमध एक, अशा एकूण सहा. प्रत्येक खाच ६ मिमी रुंद, १० मिमी खोल आणि पट्टीच्या वरच्या कडेपासून १२ मिमी खाली. लांब पट्टीवरची ३५ मिमी लांब, आखूड पट्टीवरची नेमकी २५ मिमी.

चौकट जुळवणे

गोंद लावण्यापूर्वी सर्व चौकट एकदा कोरडीच जुळवून पाहावी आणि क्लॅम्पही लावून पाहावेत. मग दोन पाय आणि एक आखूड पट्टी अशा दोन बाजू आधी चिकटवाव्यात, आणि त्या वाळल्यावर लांब पट्ट्यांनी जोडाव्यात. आठ सांधे एकदम जुळवण्याच्या घाईत गोंद धरू लागतो आणि मग सांधा अर्धवट बसलेलाच राहतो.

प्रत्येक वेळी दोन्ही कर्ण मोजावेत. ते समान असतील तर चौकट काटकोनात आहे. नसतील तर लांब कर्णाच्या दिशेने क्लॅम्प थोडा तिरका लावून ओढून घ्यावी. सपाट जागेवर उभी करून पीळही पाहावा: दोन विरुद्ध पट्ट्यांवर एकेक सरळ काठी ठेवून एका बाजूने डोळा लावला, तर काठ्यांच्या कडा समांतर दिसल्या पाहिजेत. २४ तासांनी पायांची वरची जादा टोके कापावीत आणि रंध्याने पट्ट्यांच्या पातळीला आणावीत.

टेबल डुगडुगत असेल तर एकाच पायाला अंदाजाने कापत बसू नये. स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ते उभे करावे, कागदाच्या घड्या घालून स्थिर करावे, आणि एका छोट्या ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरून ती चारही पायांभोवती फिरवावी. त्या रेघेवर चारही पाय कापले की टेबल चारही पायांवर टेकते.

फळा बसवणे

सुकलेला फळा आधी तिरक्या दिशेने आणि मग तंतूंच्या दिशेने रंधून सपाट करावा, मापाला कापावा आणि खालच्या कडेला हलका उतार द्यावा.

लाकडी गुटके उरलेल्या लाकडातून करावेत: ४० मिमी लांब, २५ मिमीला जरा कमी रुंद आणि १८ मिमी जाड. एका टोकाला ८ मिमी लांब आणि ५.५ मिमी जाड जीभ काढावी, वरच्या पृष्ठभागापासून ११ मिमी खाली. खाच १२ मिमी खाली आणि जीभ ११ मिमी खाली, या एका मिलिमीटरच्या फरकामुळेच स्क्रू आवळला की गुटका फळ्याला खाली ओढून धरतो. गुटक्याचे तंतू जिभेच्या लांबीत गेले पाहिजेत. आडवे गेले तर जीभ पहिल्याच ताणाला मोडते.

फळ्याच्या पट्ट्या टेबलाच्या लांबीत जातात, म्हणून फुगणे-आकसणे रुंदीत होते. आखूड पट्टीच्या मधला गुटका आपल्या खाचेत घट्ट बसतो आणि फळ्याचा मध्य जागेवर धरून ठेवतो. त्यामुळे वाढ दोन्ही बाजूंना सारखी होते. लांब पट्ट्यांवरचे गुटके आत-बाहेर सरकतात. टेबल उन्हाळ्यात जोडत असाल तर या गुटक्यांच्या खांद्यात आणि पट्टीत ३ मिमी अंतर सोडावे, कारण फळा पुढे फुगणार आहे. पावसाळ्यात जोडत असाल तर अंतर १ मिमी पुरे, कारण त्यानंतर फळा आकसेल आणि जीभ बाहेर सरकेल. स्क्रू ३० मिमीचे घ्यावेत, त्याहून लांब नको, आणि फळ्यात आधी बारीक भोक पाडून घ्यावे. बिटला येथेही चिकटपट्टीची खूण हवीच. गुटका आणि फळा यांच्यामध्ये गोंदाचा थेंबही जाऊ देऊ नये.

पॉलिश

पॉलिश फळा सुटा असतानाच करावे. ८०, १२० आणि १८० नंबरच्या पॉलिश पेपरने, नेहमी तंतूंच्या दिशेने, घासावे. मग ओल्या फडक्याने एकदा पुसून, वाळल्यावर उभे राहिलेले तंतू १८० नेच हलके काढावेत.

लाखेचे स्पिरिट पॉलिश सागाला फार शोभते आणि ते कापसाच्या पुरचुंडीने घरी देता येते; पण गरम चहाचा कप त्यावर पांढरे वर्तुळ उमटवतो, म्हणून ते पायांना आणि आडपट्ट्यांना द्यावे. फळ्याला पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचे दोन-तीन पातळ थर चांगले. दमट दिवशी लाखेचा थर धुरकट होतो, त्यामुळे पावसाची उघडीप पाहूनच हात लावावा. जवसाचे तेल वापरणाऱ्यांनी तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेतात. फडकी उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून टाकावीत.

फळ्याच्या खालच्या बाजूलाही वरच्या इतकेच थर द्यावेत. कोणाला न दिसणारी बाजू म्हणून ती कोरडी सोडली, तर ओलावा एकाच बाजूने आत-बाहेर होतो आणि फळा वाकतो. पायांच्या तळांनाही दोन थर द्यावेत, कारण फरशी पुसताना पाणी नेमके तिथूनच वर चढते, आणि त्यावर जाड नमद्याचे तुकडे चिकटवावेत. मग फळा चौकटीवर ठेवून गुटक्यांचे स्क्रू आवळावेत. पहिला पावसाळा संपल्यावर टेबल एकदा उलटे करून लांब पट्ट्यांवरच्या गुटक्यांचे अंतर पाहावे. एखादा गुटका पट्टीला टेकलेला दिसला तर तो सोडवून त्याचा खांदा पटाशीने दोन मिलिमीटर तासावा आणि पुन्हा बसवावा.